तांब्याची तार, लाल केबल

तीन यंत्रं आणि एक खुर्ची मावेल एवढ्या खोलीत चाळीस माणसं उभी होती. चाळीसही जणांच्या हातात एकच तांब्याची तार होती, डोळे मिटलेले होते आणि प्रत्येकाचं नाक पुढच्याच्या मानेत घुसलेलं होतं. सगळ्यांचे मोबाइल बंद करून बाहेर एका कपड्यांच्या टोपलीत ठेवले होते. ऑफिसातल्या सगळ्या स्क्रीन बंद. दार बंद. दाराच्या मुठीलासुद्धा तार गुंडाळलेली, न जाणो मूठ एकटी पडायची.

"श्वास आत घ्या," तारमहाराज म्हणाले.

घेण्याजोगा श्वास त्या खोलीत फारसा उरला नव्हता, पण होता तो लोकांनी समजूतदारपणे वाटून घेतला.

"आता सर्व्हरचा श्वास ऐका. येतोय ऐकू?"

"येतोय," चाळीस जण म्हणाले. तो पंखा होता.

"सर्व्हर म्हणजे कोण? जो सर्व्ह करतो तो. सेवक! आणि या सेवकाला आपण काय दिलं? शिव्या. 'मेला', 'झोपला', 'बसला' असे शब्द. त्या शब्दांच्या लहरी होतात, लहरी तारेतून आत जातात, आत गेल्या की गुंता होतो. आज आपण तो गुंता सोडवणार."

महाराजांच्या गळ्यात तांब्याच्या तारेचे इतके वेढे होते की एखादा ट्रान्सफॉर्मर खांबावरून उतरून पायी निघालाय असं वाटावं. ते पुटपुटत राहिले, लोक घामाघूम होत राहिले. बऱ्याच वेळाने मॅनेजरसाहेबांनी एक डोळा किलकिला करून यंत्राच्या कपाटावरच्या चिमुकल्या स्क्रीनकडे पाहिलं आणि ते ओरडले, "उठली! साइट उठली!"

टाळ्या वाजवायच्या तर तार सोडावी लागली असती, म्हणून लोकांनी पाय आपटले.

या गर्दीत अगदी कोपऱ्यात, कपाट आणि भिंत यांच्या फटीत, वडीतल्या सारणासारखी दाबून बसवलेली एक मुलगी होती. हा सर्व्हर सांभाळणं ही तिची नोकरी. ऑफिसात सगळे तिला शंकाताई म्हणत, कारण कामाच्या पहिल्याच दिवशी तिने बैठकीत हात वर करून "एक शंका आहे" म्हटलं होतं आणि तो हात आजतागायत खाली आला नव्हता. आत्ता मात्र तो वर करायला जागा नव्हती.

तिची पंचाईत वेगळीच होती. साइट उठली नसती तर तिला पोट धरून हसता आलं असतं. पण साइट खरोखरच उठली होती. मागच्या सोमवारी उठली होती, त्याच्या मागच्या सोमवारीही. लबाडाचं खोटं पकडणं सोपं असतं. पण खरं जेव्हा लबाडाच्या बाजूने साक्ष द्यायला उभं राहतं, तेव्हा शहाण्या माणसाने करायचं काय?

आणि साइट काही बुटांची किंवा चादरींची नव्हती. गावातल्या सगळ्या डायलिसिस केंद्रांच्या वेळा दर सोमवारी सकाळी नऊला तिच्यावर उघडायच्या. रोगी नाहीतर त्यांचे नातेवाईक बोट तयार ठेवून बसलेले असायचे. नऊ वाजायचे, साइट उघडायची आणि उघडल्या उघडल्या आडवी व्हायची. मग महाराजांना बोलावणं जायचं, तार निघायची, टोपली निघायची, आणि साइट पुन्हा उभी राहीपर्यंत लोकांचा जीव टांगणीला. उठली की झुंबड. ज्याला मिळेल त्याला मिळेल, बाकीच्यांना गावाच्या दुसऱ्या टोकाचं केंद्र नाहीतर दोन दिवस उशिराची वेळ.

त्या बाकीच्यांत तिचे वडील होते.

त्या संध्याकाळी ती घरी गेली तेव्हा अप्पा स्टुलावर पाय ठेवून बसले होते. पाय सुजून पावासारखे झाले होते. हातात औषधाच्या बाटलीचं झाकण, त्यात घोटभर पाणी. दिवसाचं सगळं पाणी ते असं झाकणाझाकणाने पुरवून प्यायचे.

"आलीस? तुझी साइट अगदी माझ्या किडनीच्या वळणावर गेलीय बघ," अप्पा म्हणाले. "आहे, पण कामाची नाही."

"उठली शेवटी, अप्पा."

"उठली तेव्हा गुरुवार तेवढा उरला होता. माझी वेळ मंगळवारची. मंगळवार ते गुरुवार मी काय करायचं? पाणी प्यायचं नाही. रडायला हरकत नाही म्हणा, तेवढंच पाणी कमी होईल."

आईने भाजी चिरता चिरता मान वर केली. "त्या तुमच्या महाराजांना एकदा घरी बोलाव की. यंत्र उठवतात तर अप्पांच्या किडनीला तार लावायला काय हरकत आहे?"

शंकाताई हसली. मग तिच्या लक्षात आलं की आई हसत नाहीये.

डॉक्टरांनी बजावलं होतं: मागच्या महिन्यात दोनदा खाडा झालाय, आता पुन्हा परवडणार नाही, पाणी फुफ्फुसात भरेल. म्हणजे येत्या सोमवारी मंगळवारची वेळ मिळालीच पाहिजे. एवढी एकच गोष्ट तिला जगात हवी होती आणि ती मिळवून देणारं यंत्र तिच्याच ताब्यात होतं. म्हणजे, होतं.

वेब सर्व्हर म्हणजे तसं साधं प्रकरण असतं. एक कचेरी समजा. किती खिडक्या उघड्या ठेवायच्या, एका माणसाला खिडकीवर किती वेळ उभं राहू द्यायचं, हे सगळं एका फाइलमध्ये लिहून ठेवलेलं असतं. पहिल्यांदा साइट पडली तेव्हा शंकाताईने त्या फाइलमध्ये खिडक्या दुप्पट केल्या. साहेब खूश झाले. म्हणाले, "वा, आता जागा झाली म्हणतेस? मग प्रत्येकाला दुसरी स्क्रीन देऊन टाकू."

ही दुसरी स्क्रीन 'निगराणी'साठी होती. साइट पुन्हा पडू नये म्हणून सगळ्यांनी डोळ्यांत तेल घालून बसायचं असा साहेबांचा हुकूम होता. निगराणीचं पान सर्व्हरला क्षणाक्षणाला विचारायचं: सगळी केंद्रं, सगळ्या वेळा, किती गेल्या, किती उरल्या, सांग. उत्तर यायच्या आधीच पुन्हा विचारायचं. ते पान प्रत्येक टेबलावर होतं, प्रत्येक मोबाइलमध्ये होतं, स्वागतकक्षाच्या टीव्हीवर होतं, आणि हात धुताना कुणाचा वेळ वाया जाऊ नये म्हणून बेसिनच्या वरही एक टॅब ठोकलेला होता.

नेमकी गर्दी कोण करतंय हे शोधायचा तिने प्रयत्न केला नव्हता असं नाही. पण साइटच्या पुढे एक द्वारपाल सर्व्हर होता. येणारी प्रत्येक विनंती त्याच्यातून आत जायची आणि आतला सर्व्हर बिचारा दर वेळी त्या द्वारपालाचाच पत्ता लिहून ठेवायचा. लग्नाला हजार पाहुणे यावेत आणि वहीत हजार वेळा 'दरवाजा आला' एवढंच लिहिलेलं असावं, तसं. दोन ओळींची दुरुस्ती होती. ती करायला ती खोलीत गेली तर कीबोर्ड पिवळ्या फडक्यात बांधून वर तारेची गाठ मारलेली.

"महाराजांनी यंत्र सील केलंय," साहेब म्हणाले. "चालतंय ना? मग हात लावायचा नाही."

"सर, चालत नाहीये. दर सोमवारी पडतंय."

"पण उठतंय ना!"

"निदान पासवर्ड तरी द्या. माझ्या टेबलावरून करते."

साहेब जरा इकडेतिकडे बघू लागले. महाराजांच्या सांगण्यावरून त्यांनी पासवर्ड बदलून त्या जागी एक मंत्र ठेवला होता. मंत्र कुणालाही सांगायचा नाही, कुठेही लिहायचा नाही अशी अट होती. साहेबांनी अट तंतोतंत पाळली होती आणि मंत्र विसरले होते.

राजीनामा द्यावा असं तिच्या मनात दहादा आलं. नोकरी सोडता आली असती. अप्पांची किडनी कशी सोडणार? ती गेली तरी साइट तिथेच राहणार होती, तार तिथेच, आणि दर सोमवारी नऊला अप्पा बोट तयार ठेवून बसणारच होते.

शुक्रवारी साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. सोमवारी आरोग्य खात्याचे पाहुणे कामकाज बघायला येणार होते.

"महाराज," साहेब हात चोळत म्हणाले, "पडल्यावर उठवता ते ठीकच. पण या खेपेला पडूच नये असं काही जमेल का? पाहुण्यांसमोर चाळीस माणसं एका खोलीत कोंबलेली बरी दिसत नाहीत. सगळे आपापल्या जागी, डोळे निगराणीवर, असं दिसायला हवं."

महाराजांनी गळ्यातल्या तारेचं एक टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मग त्यांची नजर फिरत फिरत मागच्या खुर्चीवर येऊन थांबली.

"या कचेरीत," ते हळूच म्हणाले, "एक शंका आहे."

एकोणचाळीस माना वळल्या. शेजारी बसणाऱ्या रंगाऱ्याने आपली खुर्ची वीतभर पलीकडे सरकवली. साइटवरच्या बटणांचे रंग ठरवणं हे त्याचं काम होतं आणि कालपर्यंत तो तिच्या डब्यातलं खात होता.

"प्रत्येक सोमवारी साइट पडते तेव्हा ही मुलगी ड्यूटीवर असते की नाही?"

"माझी ड्यूटी रोजच असते," शंकाताई म्हणाली. "साइट उभी असते तेव्हाही मीच असते. माझी एक शंका—"

"बघा! बघा! पुन्हा!" महाराजांनी बोट रोखलं. "अविश्वासाची लहर. हिला घालवून भागणार नाही, लहर मागे राहते. विजेला जमिनीत सोडायला काय लागतं? अर्थिंग! सोमवारी ही यंत्रांपाशी बसेल, तारेचं टोक मनगटाला. दार बाहेरून बंद. सगळी काळी लहर हिच्यातून जमिनीत."

"मी अर्थिंग?"

"तू अर्थिंग."

तिने साहेबांकडे पाहिलं. साहेब शिकलेले होते, भिंतीवर त्यांची तीन प्रमाणपत्रं टांगलेली होती आणि त्यांतल्या एकावर चक्क सर्व्हरचंच चित्र होतं. ते तिच्या नजरेला नजर न देता म्हणाले, "अगं, तासाभराचा तर प्रश्न आहे. नुसतं बसायचंय. आणि हे सगळं चाललंय ते तुझ्या वडिलांसारख्यांसाठीच ना? उद्या साइट पडली तर लोक म्हणतील, मुलगी तासभर बसलीसुद्धा नाही."

यावर ती काही बोलली असती तर तेही लहर ठरलं असतं.

सोमवारी नऊच्या आधी तिचा मोबाइल टोपलीत गेला, मनगटाला तार बांधली गेली आणि दार लागलं. बाहेर महाराज मुठीभोवती तार गुंडाळत असल्याचा आवाज ती ऐकत राहिली. खर्र, खर्र, खर्र. दार लावतायत की स्वेटर विणतायत कळेना.

मग फक्त पंख्यांची घरघर. चाळीस माणसं असताना भट्टी झालेली ती खोली एकटीला बर्फासारखी गार वाटत होती. खिडकी नाही. खुर्ची एक, तीही चाकं निखळलेली. फडक्यात गुंडाळलेला कीबोर्ड समोर, जणू त्याचे दात दुखतायत. तिने दोन पावलं टाकली की तार ताणली जायची. तिला आठवलं, अप्पाही असेच बसतात, हातातून नळी निघालेली, मशीनला बांधलेले, उठायची सोय नाही. फरक एवढाच की त्यांच्या मशीनचा उपयोग होतो.

बघण्यासारख्या दोनच गोष्टी होत्या. कपाटावरच्या चिमुकल्या स्क्रीनवर एक आकडा: रांगेत किती विनंत्या उभ्या आहेत. आणि त्याखाली, जिथे केबली जोडलेल्या होत्या तिथे, दोन दिवे. निळ्या केबलचा दिवा म्हणजे बाहेरचं जग, सगळं गाव. लाल केबलचा दिवा म्हणजे हे ऑफिस. केबलींना रंग असावेत हा रंगाऱ्याचा हट्ट होता. त्याने आयुष्यात केलेलं ते एकमेव उपयोगी काम ठरणार होतं.

नऊ वाजले. रांगेचा आकडा चढू लागला, मग पळू लागला, मग तीन आकड्यांतून उडी मारून चौथ्यात गेला. साइट पडली. अर्थिंग असून पडली.

बाहेरून हेल्पलाइनच्या फोनची घंटा ऐकू आली. थांबली की लगेच दुसरी. आणि त्यावर साहेबांचा आवाज: "नजर हलवू नका! बघत राहा! रिफ्रेश करा, रिफ्रेश!"

तिने दिव्यांकडे पाहिलं. निळा दिवा लुकलुकत होता, एखादा माणूस बोलता बोलता पापणी लववतो तसा. लाल दिवा लुकलुकत नव्हता. गेला वाटतं, म्हणून तिने वाकून जवळून पाहिलं. गेला नव्हता. तो इतक्या वेगाने लुकलुकत होता की सलग पेटल्यासारखा दिसत होता.

अख्ख्या गावाचा दिवा पापणी लववतोय आणि चाळीस माणसांचा दिवा वेडा झालाय?

तेवढ्यात बाहेर साहेब पुन्हा ओरडले, "रिफ्रेश!" आणि रांगेच्या आकड्याने आणखी एक उडी मारली.

ती त्या मोडक्या खुर्चीत बसून हिशेब जुळवू लागली. टोपलीत काय जायचं? मोबाइल. ऑफिसभर काय बंद व्हायचं? स्क्रीन. माणसं कुठे यायची? इथे, आत, हात तारेला अडकलेले. निगराणीचं एकही पान उघडं राहायचं नाही. मग साचलेली रांग हळूहळू ओसरायची आणि साइट आपसूक उभी राहायची. महाराज सर्व्हरला उठवत नव्हते. ते फक्त या चाळीस जणांना सर्व्हरच्या छातीवरून उठवत होते.

"साहेब!" तिने दार बडवलं. "स्क्रीन बंद करा! सगळ्या बंद करा!"

"ऐकलंत?" महाराजांचा आवाज आला. "लहर बोलतेय. लक्ष देऊ नका."

उत्तर तिच्याकडे होतं आणि उत्तरासकट ती कोंडलेली होती. मंगळवारच्या वेळा तिकडे अडकल्या होत्या. अप्पांचं बोट बटणावर होतं. कीबोर्ड फडक्यात, पासवर्ड साहेबांच्या विस्मृतीत.

पण लाल केबल ओढायला पासवर्ड लागत नाही.

तिने हात पुढे केला आणि थांबली. चूक असली तर? ऑफिस तोडल्यावरही साइट आडवीच राहिली तर महाराजांना आयतं कोलीत मिळणार: बघा, शंकेने घात केला. नोकरी जाईल, आई त्या तारा घरी घेऊन येईल. तिच्याकडे दोन दिवे आणि एक तर्क होता. तर्क खरा की खोटा, हे ओढल्याशिवाय कळणार नव्हतं.

तिने खटका दाबून केबल ओढली.

आकडा तसाच राहिला.

बाहेर एकच कोलाहल. "गेलं! माझं गेलं!" "माझंही!" "टीव्ही गेला!" "अहो, बेसिनवरचासुद्धा गेला!" त्या इमारतीत मोबाइलला रेंज नव्हती, सगळं काही ऑफिसच्या वायफायवर चालायचं. सगळं एकदम आंधळं झालं.

आकडा तसाच. तिने केबलचं टोक मुठीत घट्ट धरलं. आधीच आत शिरलेल्या विनंत्या संपायला वेळ लागणार, ती स्वतःला म्हणाली. कचेरीचं दार लावलं तरी आतली रांग उरतेच. पण हे स्वतःला सांगणं आणि आकड्याकडे बघत राहणं या दोन वेगळ्या गोष्टी होत्या.

मग आकडा एकाने कमी झाला. मग दहाने. मग घसरगुंडीवरून पोर सुटावं तसा घरंगळत खाली आला.

"काय केलंस तू आत?" साहेब दार बडवत होते.

"ऑफिसची केबल काढलीय."

"लाव परत! पाहुणे आलेत! चाळीस स्क्रीन काळ्या पडल्यात, मी दाखवू काय त्यांना?"

"नाही लावणार. लोकांच्या वेळा घेऊन होऊ देत."

"लोकांना कसल्या वेळा मिळतायत! साइट बंद आहे!"

"तुमच्यासाठी बंद आहे, साहेब. त्यांच्यासाठी चालू झालीय."

साहेब रागावले की 'तू'चं 'तुम्ही' व्हायचं. "तुम्ही या क्षणापासून कामावरून कमी!"

"मग कामावरून कमी केलेल्या माणसाला ऑफिसात कोंडून का ठेवलंय? उघडा दार."

दार उघडण्याचा प्रयत्न झाला. महाराज तारेचं एक टोक शोधत होते. दुसरं सापडत होतं, पहिलं सापडत नव्हतं. गुंता सोडवण्याची त्यांची ख्याती होती, पण तो लहरींचा गुंता. ही खरी तार होती. शंकाताई आत अडकली होती, ते बाहेर अडकले होते, आणि मधल्या मधे रोगी निवांत आपापल्या वेळा घेत होते.

तेवढ्यात हेल्पलाइन सांभाळणाऱ्या मावशींचा आवाज आला. "साहेब, जरा गप्प बसा बरं. ऐका."

साहेबांनी दारावरचा हात काढला.

"काय ऐकायचं?"

"फोन वाजायचा थांबलाय."

इतक्या सोमवारांत असं कधी घडलं नव्हतं. मग एकच घंटा वाजली. मावशींनी फोन उचलला, "हो... हो का? बरं," म्हणाल्या आणि ठेवला. "एक बाई होत्या. वेळ मिळाली म्हणून सांगायला फोन केला. म्हणे, सवयीने नंबर लागला."

पहारेकरी काका पक्कड घेऊन आले.

"तार कापाल तर अनर्थ होईल!" महाराज आडवे आले.

"अहो, पोर आत आहे," काका म्हणाले आणि आधी मुठीची, मग तिच्या मनगटाची तार कटकट कापून मोकळे झाले.

शंकाताई बाहेर आली. मनगटाला तारेचा तुकडा, हातात लाल केबल, नाक थंडीने लाल. सगळे तिच्याकडे पाहत होते. पाहुण्यांपैकी एक डॉक्टरीणबाई होत्या, त्यांनी एवढंच विचारलं, "हे पुन्हा करून दाखवता येईल?"

"सगळ्या वेळा जाऊ देत, मग दाखवते. कुणी रांगेत असताना प्रयोग नको."

जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्या वेळा गेल्या. मग प्रयोग झाला. पहिल्या फेरीत लाल केबल जोडली, निगराणीची सगळी पानं उघडी ठेवली आणि महाराजांना यंत्रांसमोर मनसोक्त मंत्र म्हणू दिले. त्यांनी घसा बसेपर्यंत म्हटले. साइट आडवी. दुसऱ्या फेरीत महाराजांना लांब बसवून चहा दिला आणि स्क्रीन बंद केल्या. साइट उभी.

"पण तारेचा अंश हवेत राहिला असेल," रंगारी पुटपुटला.

म्हणून तिसरी फेरी. तारेचे वेढे मावशींच्या गळ्यात घातले, स्क्रीन बंदच ठेवल्या. मावशींनी डोळे मिटून गंभीरपणे उच्चारलं, "साबण, मीठ, काडेपेटी, धाकट्याच्या चपला, परत येताना दूध." साइट उभी. स्क्रीन उघडल्या. मावशींनी तीच यादी आणखी जोरात म्हटली. साइट आडवी.

"म्हणजे सोळा खिडक्यांची कचेरी आहे," शंकाताई म्हणाली, "आणि खिडक्या उघड्या आहेत ना, एवढंच विचारायला आपण चाळीस जण, प्रत्येकी तीन-तीन वेळा, रांगेत पुढे घुसून उभे होतो. रोगी आपल्या मागे. खिडकी अडली की आपण आणखी घाबरून आणखी जोरात विचारत होतो. आपलं बघणं हेच ते भूत."

साहेब बेसिनवरच्या टॅबकडे बघत म्हणाले, "तोही?"

"तोसुद्धा, सर."

महाराज खुर्चीत बसले होते. तारा उतरल्यावर ते एकदम बारीक दिसत होते. त्यांना कुणी काही विचारलं नाही, तरी ते बोलू लागले. "मी बारा वर्षं अशाच एका हेल्पलाइनवर होतो. काहीही बिघडलं की सांगायचो, सगळं बंद करा, थोडं थांबा, चालू करा. दहातले आठ जण बरे व्हायचे आणि मला शिव्या देऊन फोन आपटायचे. एकदा गळ्यात दुरुस्तीची तार राहिली होती. तसाच गेलो, डोळे मिटले आणि तेच सांगितलं. लोक उभे राहून ऐकायला लागले."

"का चालतं, हे माहीत नव्हतं तुम्हाला?"

"कधी विचारलंच नाही कुणी."

"मग मला का कोंडलंत?"

महाराजांनी चहाच्या कपात पाहिलं. "साहेबांनी विचारलं, पडू नये म्हणून काय करू. उत्तर नव्हतं माझ्याकडे. उत्तर नसलं की माणूस शोधावा लागतो."

रंगाऱ्याने आपली खुर्ची गुपचूप वीतभर अलीकडे सरकवली.

कीबोर्ड फडक्यातून सुटला. साहेबांना मंत्र आठवेना, तेव्हा तिने पासवर्ड नव्याने बसवला. मग द्वारपालाला शिकवलं की पाहुण्याचा खरा पत्ता आत सांगायचा, आणि निगराणीचं पान एकटं उरलं, तेही मिनिटाला एकदाच विचारणारं. साहेबांनी तिला कामावरून कमी केल्याचा विषय पुन्हा काढला नाही, तिने काढला, तेव्हा म्हणाले, "ते माझ्याकडून लहरीत बोललं गेलं."

तिने टोपलीतून आपला मोबाइल काढून चालू केला. अप्पांचा निरोप होता: "मंगळवार. सकाळची. जवळचं केंद्र."

घरी गेली तर कॉम्प्युटरच्या भोवती तार गुंडाळलेली. आई समाधानाने म्हणाली, "बघ, बांधली म्हणून मिळाली."

शंकाताईने त्या दिवशी खूप बोलायचं ठरवलं होतं, पण ती आईशेजारी बसली आणि तिने एवढंच विचारलं, "आई, सकाळी आणखी काय काय वेगळं झालं होतं?"

हाच तो प्रश्न. चमत्कार दिसला की हसू नका, हात जोडायचीही घाई करू नका; त्या वेळी आणखी काय काय बदललं होतं ते विचारा. मग एकेक गोष्ट बदलून बघा, पुन्हा बघा, दुसऱ्याला बघू द्या. खरं असेल ते मावशींच्या यादीसमोरही खरंच राहील. आणि ज्या उत्तरासाठी कुणाला तरी खोलीत कोंडावं लागतं, त्या उत्तरावर कधीही विश्वास ठेवू नका. शंका घेणारा आत आणि दार बाहेरून बंद, असं असेल तर काळजी आतल्या माणसाची करा, पण तपास बाहेरच्यांचा करा.

आईने कॉम्प्युटरभोवतीची तार चाचपली. "आणि पुढच्या सोमवारी तार काढून ठेवली आणि वेळ नाहीच मिळाली तर?"

"तर का नाही मिळाली, ते मी शोधीन. आता मला कुणी कोंडलेलं नाही."

पुढच्या सोमवारी आईने तार स्वतःच्या हाताने सोडली, पण दूर नाही ठेवली, मांडीवर ठेवली. नऊ वाजून गेले, अप्पांनी बटण दाबलं, वेळ मिळाली. आईने मांडीवरच्या तारेकडे पाहिलं, उठली आणि ती कुंडीतल्या कललेल्या टोमॅटोच्या रोपाला आधार म्हणून बांधून आली.

"आता माझ्या किडनीचं तेवढं बघ," अप्पा म्हणाले.

"ते मशीन बघेल, अप्पा. त्याला तार लागत नाही. प्लग लागतो."